खेड्यात राहून, जिम आणि ओट्सशिवाय तब्येत कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की गाव यवतमाळ जिल्ह्यात, वय पस्तिशीच्या पुढे, दिवसभर तालुक्याला खुर्चीवर बसून काम, वजन वाढतंय आणि शुगर काठावर आली आहे. गावात जिम नाही, ओट्स मिळत नाहीत, पहाटे उठून पळायचा कंटाळा येतो, तर आवडीनं रोज करता येईल असं काही सांगा. भाऊ, मी याच भागात आशा म्हणून काम करते. तिशीच्या वरच्या लोकांचे शुगर-बीपीच्या तपासणीचे फॉर्म भरायला घरोघर फिरते, कंबर मोजते. तुमच्यासारखी माणसं मला दर गल्लीत भेटतात.

ओट्सचं मनातून काढून टाका. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि जवळपास तेवढाच चोथा. आपल्याकडे वावरात सोयाबीन आणि कपाशी वाढली तशी ज्वारी मागे पडली, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, आणि आता ताटात भाताचा ढीग, त्यावर पातळ वरण अन् कोपऱ्यात चमचाभर आलूची भाजी असं दिसतं. वावरात जायलाही गाडीला किक मारतात. खाणं तेवढंच राहिलं, चालणं गेलं, डाळ-भाजी आटली. माझ्या मते आपल्या खेड्यातल्या वाढत्या शुगर-बीपीचं मोठं कारण इथंच आहे, आणि त्यावरचा उपायही आपल्याच चुलीवर आहे.

निदान रात्रीच्या जेवणाला भाकर परत आणा. एक भाकर, वाटीभर घट्ट वरण आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. वांग्याचं भरीत करा, पण तेलाचा तवंग नको. वांगं निखाऱ्यावर भाजलेलं असलं, त्यात हिरवी मिरची, लसूण, भेदरं म्हणजे टोमॅटो आणि मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर पडली की चमचाभर तेल पुरतं. एक सांगून ठेवते, ज्वारी म्हणजे शुगरचं औषध नव्हे. चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. आधी भाजी-वरण निम्मं संपवा, मग भाकर मोडा. पोट लवकर भरतं.

सोबत जवसाची चटणी हवीच. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ टाकून खलबत्त्यात कुटा. कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खं जवस चावलं गेलं नाही तर तसंच बाहेर पडतं. मासे न खाणाऱ्यांना ओमेगा-3 ही चांगली चरबी मिळवायला आपल्याकडे याच्याएवढी स्वस्त वस्तू नाही. एका वेळी आठवड्यापुरतीच करा, जास्त दिवस ठेवली की खवट होते.

आता पावसाळ्याचं. मिरगाचा पाऊस पडून गेला की रस्त्याच्या कडेला, पडीत जागेत तरोटा ही रानभाजी उगवते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी अजून ओचा खोवून निघतात आणि फक्त वरची कोवळी पानं खुडतात. पानं उकडायची, पाणी पिळून टाकायचं, मग कांदा, लसूण, मिरची आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून परतायची. किंचित कडसर लागते, आणि गरम भाकरीवर तीच चव पाहिजे असते. तरोट्यानंतर कुंजर, घोळ, पुढं अंबाडी. या भाज्यांना पैसे पडत नाहीत, शिवाय त्या आणायला पायीच जावं लागतं. पण ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलंय तिथली भाजी आणू नका, आणि ओळख पक्की असलेल्या माणसासोबतच जा. दिसायला सारख्या पण विषारी वनस्पती आपल्याकडे आहेत, चुकीला जागा नाही.

उन्हाळ्यात कोल्ड्रिंकऐवजी आंबील. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी पाणी घालून शिजवा, मीठ-जिरं टाका. माठाजवळ ठेवून गार झाली की पिऊन पाहा.

चहाबद्दल मात्र मी भांडते. तालुक्याला ऑफिसात पाच चहा होत असतील आणि कपाला दोन चमचे साखर असेल, तर दिवसाची 40 ते 50 ग्रॅम साखर चहातच गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवा, 25च्या आत ठेवली तर आणखी चांगलं. चहा एकदम तोडू नका, डोकं दुखेल आणि चार दिवसांत परत सुरू होईल. दोन कपांवर या, साखर अर्धा-अर्धा चमचा करत उतरवा. चारच्या भुकेला पाकिटातल्या कुरकुरीत वस्तूंपेक्षा फुटाणे खिशात ठेवा. तेलाचा हिशोब डब्यावरून करा, चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला 3 लिटरच्या आत तेल गेलं पाहिजे. लोणचं-पापडावर मिठाचं वेगळं सांगत नाही, बीपी असेल तर तुम्हाला माहीतच आहे.

व्यायामाचं आता. आठवड्याला निदान 150 मिनिटं, जरा दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढंच मोठ्या माणसासाठी सांगितलेलं आहे. पहाटे पळायची सक्ती कोणीच केलेली नाही. तुम्हाला कंटाळा येतो कारण उगाच फेऱ्या मारायला माणसाला आवडत नाही. चालण्याला काम जोडा. वावर दीड-दोन किलोमीटरवर असेल तर गाडी घरी ठेवा, सकाळी पिकावर नजर टाकून या. संध्याकाळी दूध डेअरीवर पायी घाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली सोडू नका, जेवणानंतर चढणारी साखर तिच्यानं उतरते, तुमच्यासाठी ती सगळ्यात कामाची. बायकोला सोबत घ्या. आमच्या गावात नवरा-बायको रस्त्यानं फिरले की लोक आधी बघायचे, आता दोन-चार जोडपी दिसतात आणि कोणी मान वळवत नाही.

ताकदीसाठी मैदानावर जा. विदर्भात मैदानाची हौस जुनी आहे, अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे. तुमच्या गावातही शाळेच्या पटांगणावर पोरांनी व्हॉलीबॉलचं नेट बांधलेलं असेलच. त्यांना म्हणा, मलाही घ्या. आधी हसतील, मग सर्व्हिस तुम्हालाच देतील. गुडघे साथ देत असतील तर कबड्डीपेक्षा व्हॉलीबॉलपासून सुरुवात करा. पाऊस लागला की घरात सूर्यनमस्कार आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 45च्या घरात जातो, तेव्हा जे काही करायचं ते सकाळी सातच्या आत. पावसाळ्यात अंधार पडल्यावर धुऱ्यानं फिरायला जाऊ नका, साप निघतात. डांबरी रस्ता धरा आणि टॉर्च घ्या.

घरात कोणी रोजमजुरीला, कापूस वेचायला जात असेल तर त्यांना हे चालण्याचं सांगू नका. त्यांचं शरीर आधीच थकलेलं असतं. त्यांना वरण, चून म्हणजे पिठलं, जमलं तर अंडं जास्त वाढा आणि रात्री पाठ टेकू द्या.

आजच शिंप्याचा टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून कंबर मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. आमच्या फॉर्ममध्ये पुरुषाला 90 सेंमी आणि बाईला 80 सेंमीच्या वर गेलं की गुण लागतात, आणि गुण जास्त म्हणजे धोका जास्त. महिन्यातून एकदा मोजा, रोज वजनकाट्यावर चढू नका. उपकेंद्रात बीपी आणि शुगर फुकट तपासतात, तीन महिन्यांनी पुन्हा जा. डॉक्टरांनी गोळी सुरू केली असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि तुमच्या गावच्या आशाताईला विचारा, तरोटा कुठं चांगला उगवतो हे तिला नक्की माहीत असेल.