रिपोर्ट चांगला आला, तरी तिळाची भीती जाईना

“मॅडम, तिळाचा कॅन्सर होतो का हो?” हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. खरं तर तो त्वचेच्या डॉक्टरांना विचारायचा, मी समुपदेशन करते. पण माझ्यासमोर येऊन बसतात त्यांच्यातले काही जण डॉक्टरांकडे जायलाच घाबरलेले असतात, आणि काही जण जाऊन आलेले असतात, पण डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटलेलं नसतं. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पहिल्या गटात होत्या, आणि दोनच महिन्यांत दुसऱ्या गटात गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, म्हणून इथे त्यांना बाईच म्हणते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाईंचं वय चाळिशीच्या जरा पुढे. डाव्या पोटरीवर बाहेरच्या बाजूला एक तीळ. कधीपासून आहे ते त्यांना नक्की सांगता येईना. मेलबर्नला असलेल्या मावसबहिणीचा पाठीवरचा तीळ तिथल्या डॉक्टरांनी काढून टाकला आणि तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सगळ्यांनी आपापले तीळ बघून घ्या.’ तिचं काही चुकलं नव्हतं. गोरी कातडी आणि कडक ऊन यांमुळे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मेलानोमा, म्हणजे त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जगात सर्वांत जास्त आढळतो. अंगभर कपडे घाला, क्रीम लावा, टोपी घाला, ही मोहीम तिथे १९८१ पासून चालू आहे. आपल्याकडे हा आजार बराच विरळा. पण ग्रुपवर आला तो नुसता सल्ला, मागचापुढचा संदर्भ मेलबर्नलाच राहिला.

बाईंनी मोबाइल उघडून दाखवला. ‘शाळा कागदपत्रे’ नावाचं फोल्डर. मुलांनी उघडू नये म्हणून नाव तसं दिलेलं. आत सगळी पोटरीच. ट्यूबलाइटखाली, गच्चीवर उन्हात, फ्लॅश मारून, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून, कंपासमधली पट्टी लावून. दोन फोटो पुढेमागे करत म्हणाल्या, “हा सकाळचा बघा, तपकिरी आहे. हा त्याच दिवशी रात्रीचा, काळा.” मग साडी घोट्यावरून वर घ्यायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं.

मी तीळ पाहिला नाही याचं त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण मी त्वचेची डॉक्टर नाही. आणि पाहून ‘काही नाही हो’ म्हटलं असतं, तर घरी त्यांचे मिस्टर दिवसातून अनेकदा जे म्हणत होते त्यात माझी एक भर पडली असती. त्यांच्या ‘काही नाही गं’चा असर सकाळच्या चहापासून फार तर मधल्या सुट्टीपर्यंत टिकायचा.

“डॉक्टरांना कधी दाखवलात?” मी विचारलं.

“दाखवला नाही अजून.”

आठ महिने रोज पाहत होत्या. बाथरूममध्ये बोटाने चाचपायचं, रंग निघतो का म्हणून वजरीने हलकेच घासायचं. शेजारणीने चुना आणि सोडा लावायला सांगितला होता, तेवढं मात्र केलं नाही, हे नशीब. चुन्याने कातडी भाजते, वरचा रंग जातो, आणि उद्या खरंच काही निघालं तर तपासायला धड काही उरत नाही. पार्लरमध्ये जाऊन तीळ जाळून घेतात त्याचंही तेच. आधी डॉक्टरांनी पाहिलेलं नसेल तर तो उद्योग करूच नये.

दिवसभर तीळ बघायचा आणि दाखवायला मात्र जायचं नाही, याचं कारण दुसऱ्या भेटीत कळलं. बाईंचे मामा तोंडाच्या कॅन्सरने गेले. गालात आतून फोड आली होती. घरात सगळे म्हणाले, उष्णता आहे. बाईंनी स्वतः गुलकंदाची बाटली पाठवली होती. तीन-चार महिने तसेच गेले. मग डॉक्टरांनी तुकडा काढला, कॅन्सर निघाला, आणि मामा झपाट्याने खालावले. घरात निष्कर्ष ठरून गेला: हात लावला आणि पसरलं. बाईंना रात्री छळायचे दोन विचार. आपण वेळेवर बघितलं नाही, हा एक. डॉक्टरांनी सुई घातली नसती तर मामा राहिले असते, हा दुसरा. पहिला विचार त्यांना तिळाकडे ओढत होता, दुसरा दवाखान्यापासून मागे खेचत होता.

तुकडा काढल्याने कातडीचा कॅन्सर पसरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे माणूस बायोप्सीपर्यंत पोचतो तेव्हा आजार बहुधा आधीच पुढे गेलेला असतो. त्यानंतरची घसरण डोळ्यांसमोर होते, म्हणून दोष सुईला लागतो. मामांच्या बाबतीत कोणते महिने मोलाचे होते, हे बाईंनी मग स्वतःच मोजलं, आणि त्या बराच वेळ रडल्या. त्या दिवशी तिळाचा विषय निघाला नाही.

डॉक्टरांकडे जाण्याची तयारी आम्ही कागदावर केली. घालायला सलवार किंवा गाउन, नखांना पॉलिश नको, आणि तीळ दिसेल असा एखादा जुना फोटो. फोल्डरमधले शेकडो फोटो न्यायचे नाहीत. मिस्टरांनी एक सहलीचा फोटो शोधला. बारा वर्षांपूर्वीचा, गणपतीपुळ्याचा. पाण्यात उभ्या असलेल्या बाईंच्या पोटरीवर तीळ आहे.

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप लावला. हातात मावणारं, दिवा असलेलं भिंग असतं ते. दुखत नाही, काही मिनिटांत होतं. तीळ बहुतेक साधाच आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण एका कडेला रंग वेगळा दिसत होता आणि घासून घासून वर खपली धरली होती, म्हणून काढून तपासायला पाठवू, असं ठरलं. जागेवर भूल, थोडे टाके, तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत.

काय पाहायचं ते डॉक्टरांनी बाईंना फळ्यावर लिहावं तसं समजावलं. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळतात का. कडा सुबक आहे की फाटल्यासारखी. रंग एकच आहे की त्यात काळा, तपकिरी, लाल, पांढरा असे पट्टे मिसळलेत. आकार सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबराहून मोठा आहे का. हे चार निकष न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडले आणि २००४ मध्ये पाचवा जोडला: बदल. मला विचाराल तर आपल्यासारख्यांनी हा पाचवाच पक्का धरावा. वर्षानुवर्षं तसाच असलेला मोठा तीळ बहुधा निरुपद्रवी असतो. काही महिन्यांत वाढणारा, न लागता रक्त येणारा, चिघळणारा तीळ छोटा असला तरी दाखवायचा. तिळावर केस असणं हे कॅन्सरचं लक्षण नव्हे. गरोदरपणात काही तीळ थोडे गडद होऊ शकतात. उतारवयात चेहऱ्यावर-मानेवर येणारे खरबरीत काळे ठिपके बहुतेक वेळा साधेच असतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती बाईंना नवीन होती. सगळं लक्ष पोटरीकडे, पण सावळ्या कातडीच्या माणसांत मेलानोमा झालाच तर तो बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन लागत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि काळा डाग दिसला तरी काटा मोडला असेल, ठेच लागली असेल म्हणून सोडून देतात. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं आधी फुटबॉल खेळताना लागल्याचं वाटलं होतं. तो नखाखालचा मेलानोमा होता. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी तो गेला. अनेक नखांवर फिकट काळ्या रेघा आपल्याकडे पुष्कळांना असतात, त्यांची काळजी नको. पण एकाच नखावरची रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर दाखवायलाच हवं. शिवाय बहुतेक मेलानोमा जुन्या तिळातून निघत नाहीत, साध्या कातडीवर नव्याने उगवतात. म्हणजे एकाच तिळाकडे डोळे लावून बसणारा माणूस नेमकं भलतीकडे पाहत असण्याची शक्यता जास्त.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बाईंनी शाळेतून रजा घेऊ नये, एवढाच माझा आग्रह होता. रिपोर्ट आला: साधा तीळ. मिस्टरांनी पेढे आणले.

तीन आठवड्यांनी फोन आला. मानेवर, मंगळसूत्राच्या खाली एक ठिपका आहे, तो आधी नव्हता. आणि समजा लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर?

घरचे इथे वैतागतात. मिस्टरही वैतागले. “आता आणखी काय करायचं?” त्यांचं चूक नाही, पण बाईंचंही नाटक नव्हतं. सतत तपासणाऱ्या मनाला रिपोर्ट हा खाज सुटल्यावर खाजवण्यासारखा असतो. त्या क्षणी बरं वाटतं, आणि जागा पुन्हा चुरचुरायला लागते. पोटरीवरचा तीळ बाटलीत गेला होता. त्यामागची धास्ती बाईंजवळच होती. आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

आधी पाहणीला वार ठरवून दिला. महिन्याचा पहिला रविवार, आंघोळीनंतर, उजेडात, दहा मिनिटं. डोक्यापासून तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखं, तोंडाच्या आतून. पाठ मिस्टरांनी बघायची. फोटो डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेचाच, तोही तीन महिन्यांनी एक. मधल्या दिवसांत हात मानेकडे गेला की थांबायचं, भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि घड्याळ लावून दहा मिनिटं काढायची. न तपासताही आठावर गेलेली भीती हळूहळू चारवर येते, हे ऐकून पटत नाही. बाईंनाही पटलं नव्हतं. वहीत स्वतःच्या अक्षरात आकडे उतरत गेले तसं पटलं. मुलांच्या वह्या तपासायची सवय कामाला आली.

मिस्टरांना एकच वाक्य दिलं. ‘काही नाही’ म्हणायचं नाही, ‘काहीतरी असेल’ही म्हणायचं नाही. “रविवारी बघू.” पहिले काही दिवस बाई यावर चिडल्या, एकदा जेवल्या नाहीत. मिस्टरांचाही दोनदा धीर सुटला आणि त्यांनी टॉर्च लावून मान बघितली. चालायचंच. कॅन्सरच्या लक्षणांचे रील्स मात्र बाईंनी स्वतः बंद केले.

रविवारची वाट बघायची नाही अशा गोष्टी डॉक्टरांनी वेगळ्या लिहून दिल्या होत्या. न लागता रक्त येणं, महिनाभरात न भरणारी जखम, भराभर वाढणारी गाठ. तो कागद बाईंच्या कपाटाला आतून चिकटवलाय. मानेवरचा ठिपका पुढच्या ठरलेल्या भेटीत डॉक्टरांनी पाहिला, मोस निघाला. पुन्हा रिपोर्ट मागायचा नाही, हे त्या आधीच ठरवून गेल्या होत्या.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. दिवसाचे तास तपासण्यात जात असतील, झोप उडाली असेल, नोकरीवर परिणाम होत असेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. औषधांनी ही घालमेल बरीच उतरते आणि मग बोलून करायचं काम सोपं जातं.

चौथ्या की पाचव्या रविवारी आई बाईंकडे आली होती. नऊवारी नेसणारी, सत्तरी ओलांडलेली. बाईंनी तिचीही पाहणी करून टाकली. कमरेवर, गाठ घट्ट बसते तिथे, काळपट पट्टा आणि त्यात एक छोटी जखम. विचारलं तर म्हणे दोन महिने झाले, हळद लावतेय. वर्षानुवर्षं कमरेवर एकाच जागी घासून क्वचित कॅन्सर होतो. धोतराच्या काचामुळे होणाऱ्या कॅन्सरची नोंद मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच केली होती, आणि परकराच्या नाडीमुळे झालेल्या अशा दोन रुग्णांबद्दल वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये लिहिलं. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. न भरणारी जखम, एवढंच त्यांनी कागदावर वाचलेलं. सोमवारी शाळेतून अर्धी रजा टाकून आईला घेऊन गेल्या. फोटो एकही काढला नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, गाठ सैल ठेवायला सांगितली आणि जखम भरली नाही तर तुकडा काढू म्हणाले. तीन आठवड्यांत जखम भरली. गाठ सैल बांधली की लुगडं चालताना सुटतं, असं आईचं म्हणणं आहे, आणि त्यावरून मायलेकींची अजून रोज जुंपते.