वाचकांचे प्रश्न : बाटलीतच घट्ट होणारं जेल

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी मेसालामाइनचं (आतड्याच्या सुजेवरचं औषध) गुदमार्गे द्यायचं जेल करतो आहे. पोलोक्झॅमर 407 (थंडीत पातळ राहणारं, उबेत घट्ट होणारं पॉलिमर) वीस टक्के घेतलं. एप्रिल लागला तसं ते बाटलीतच घट्ट होऊ लागलं. गाठी राहतात, आठवड्यात रंगही तपकिरी होतो. (एक विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर : 20 टक्के पोलोक्झॅमर 25 अंशांच्या आसपासच गोठतं, म्हणजे घट्ट होतं. आपल्याला हवं 30 ते 36 अंशांच्या दरम्यान, म्हणजे बाटलीत पातळ आणि शरीरात घट्ट. 407 अठरा टक्क्यांवर आणा आणि त्याच्याच जातीचं पोलोक्झॅमर 188 थोडं थोडं वाढवत न्या, घट्ट होण्याचं तापमान वर सरकतं. चिकटपणासाठी कार्बोपॉल (एक चिकट पॉलिमर) किंवा मीठ घातलंत तर ते पुन्हा खाली येतं, म्हणून मोजणी औषधासकट, शेवटच्या मिश्रणाचीच करा. बाटलीत 10 ग्रॅम जेल आणि चुंबकाची कांडी टाका, पाण्याचं तापमान मिनिटाला एक अंश वाढवा. फिरणारी कांडी जिथे अडखळून थांबते, तो आकडा टिपा. मग 2.5 ग्रॅम जेलला 1 मिली फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) या प्रमाणात मिसळून परत मोजा. गुदाशयात 1 ते 3 मिली द्रव असतोच. त्यात पातळ होऊन जेल गोठलंच नाही, तर औषध बाहेर गळतं.

गाठी पडतात त्या पाणी कोमट असल्यामुळे. बीकर बर्फाच्या परातीत ठेवा, 4-5 अंशांच्या पाण्यावर पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा, हळू ढवळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळी द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. औषध त्यानंतर, बारीक वाटून. ते विरघळत नाही, तरंगत राहतं. थंड, पातळ जेलमध्ये तळाशीही बसतं, म्हणून भरताना सतत हलवत राहा.

तपकिरी रंग ऑक्सिडेशनचा. ते रोखायला डायसोडियम ईडीटीए, सोडियम मेटाबायसल्फाइट (एक सल्फाइट) आणि गडद बाटली वापरा. सल्फाइटची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लेबलवर इशारा हवाच.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी खोलीतली हवाच शरीराहून गरम होते. कुठलंही प्रमाण घ्या, असं जेल फ्रिजबाहेर नळीतच घट्ट होणार. गार केलं की पुन्हा पातळ होतं, वाया जात नाही, पण ज्या घरात फ्रिज नाही तिथल्या रुग्णाने काय करायचं? आमच्या मते अशा ठिकाणी 2 ते 3 टक्के एचपीएमसीचं (सेल्युलोजपासून केलेली, पाणी घट्ट करणारी पावडर), आधीच घट्ट असलेलं जेल नळीतून देणं बरं. त्याची कृती नेमकी उलटी : एक तृतीयांश पाणी 80 अंशांवर तापवून त्यात पावडर भिजवा, मग उरलेलं थंड पाणी घाला.

प्रश्न : डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) गुदमार्गे घेतलं की पोटाला त्रास होत नाही ना? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : जठराशी थेट संपर्क टळतो, एवढंच. औषध रक्तात जातंच आणि जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स (शरीरातली रसायनं) तिथूनही कमी करतं. अल्सरचा धोका राहतो. गुदाशयाला सूज असेल, रक्त पडत असेल तर ते घेऊच नका, आणि कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या) रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीही घेऊ नये, आजार उसळू शकतो.