आयर्लंडमध्ये घेतलेल्या प्लॉटशेजारी रिंगफोर्ट आहे आणि काउन्सिलने चाचणी उत्खनन करायला सांगितलंय. काही सापडलं तर घर बांधता येणार नाही का?

बहुतेक वेळा बांधता येतं. मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले आणि सध्या आयर्लंडमध्ये अशाच चाचण्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडच्या कायद्यामुळे संरक्षित स्मारकापासून 100 मीटरची सरसकट बांधकामबंदी डोक्यात पक्की बसलेली असते. इथे तसा एकच आकडा नाही. नोंद झालेल्या स्मारकाभोवती नकाशावर एक क्षेत्र आखलेलं असतं. त्याच्या आत किंवा जवळ बांधायचं असेल, तर आधी जमीन तपासून घ्या, असं काउन्सिल सांगते. खर्च मालकाचा.

रिंगफोर्ट ऐकून राजगड डोळ्यांसमोर आणू नका. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकातलं हे शेतकरी कुटुंबाचं राहतं ठिकाण. भोवती मातीचा गोल बांध, बाहेरून खंदक, आत घर. देशभरात असे सुमारे 45,000 नोंदले गेलेत. परींची जागा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सहसा कुणी तिथे नांगर घातला नाही, आणि त्या भीतीने कायद्याच्या कितीतरी आधी यातले बरेच बांध वाचवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग खणायचं तुमच्या प्लॉटमध्ये कशाला? कारण त्या कुटुंबाचं सगळं काही बांधाच्या आत होत नसे. इथल्या ओल्या हवेत धान्य दळण्याआधी भट्टीवर वाळवावं लागे, आणि आगीच्या भीतीने भट्टी बऱ्याचदा घरापासून लांब असे. लोहारकाम, शेताचे जुने चर, कधी दफनंही बाहेर मिळतात. वर मात्र नुसतं गवत दिसतं.

प्रत्यक्ष काम साधं असतं. परवानाधारक पुरातत्त्वज्ञ आधी नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिस या सरकारी विभागाकडून त्या जागेपुरता परवाना काढतो. त्यात काही आठवडे जातात. मग जेसीबीला बिनदातांची बकेट लावून, घर, रस्ता आणि सेप्टिक टँक जिथे येणार तिथे लांब चर घेतात. वरची माती थराथराने काढत खालच्या मूळ मातीपर्यंतच जातात. त्या पिवळसर मातीत काळपट गोल डाग दिसला, की तो खांबाचा खळगा असू शकतो, कोळसा भरलेला खड्डा असू शकतो. नोंदी, मोजमापं, फोटो, आणि शेवटी अहवाल.

अनेक अहवाल ‘काही आढळलं नाही’ असेच असतात. काही निघालंच, तर पहिला पर्याय म्हणजे घर थोडं सरकवणं. ते जमत नसेल तर तेवढ्या भागाचं पूर्ण उत्खनन करून नोंद ठेवतात आणि मग बांधकाम होतं. यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून माझा आग्रह आहे, पायाचं डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच चाचणी उरका. कागदावर घर सरकवायला फारसं काही लागत नाही.

चाचणी होईपर्यंत सपाटीकरण नको, गाडीवाट नको. जुन्या वस्तू शोधायला विनापरवानगी मेटल डिटेक्टर फिरवणं इथे गुन्हा आहे. आणि ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर’ या सरकारी नकाशावर आजच आपला प्लॉट बघा. सोबत 1840च्या सुमाराचा सहा इंची नकाशाही (एका मैलाला सहा इंच या प्रमाणातला) तपासा. नंतर सपाट झालेली वर्तुळं त्यावर बऱ्याचदा दिसतात, आणि एखादं तुमच्याच हद्दीत असेल तर ते आर्किटेक्टला आत्ताच कळलेलं बरं.