चित्रपट-मालिकांच्या रोजच्या बातम्यांपैकी किती मनावर घ्यायच्या?

आवडत्या मालिकेची एक बातमी चिकटवून तुम्ही लिहिलंय की सकाळी एक बातमी येते, संध्याकाळी तिचं खंडन येतं आणि डोकं भंजाळतं. माझंही भंजाळायचं. आता सवय अशी लागलीय की बातमीतली विशेषणं सोडून मी आधी क्रियापद शोधतो.

'चर्चा सुरू आहे', 'नाव आघाडीवर आहे', 'उत्सुक असल्याचं समजतं' ही सगळी कराराआधीची भाषा. अशी पुडी कधी कलाकाराच्या बाजूने सुटते, मानधनाच्या वाटाघाटीत वजन पडावं म्हणून. कधी निर्मात्याच्या बाजूने, चाहते काय म्हणतात ते बघायला. आपण मात्र बाजारात तुरी असतानाच 'हा त्या भूमिकेत शोभेल का' यावर भांडून मोकळे होतो.

खंडनालाही फार किंमत देऊ नका. २०२१ साली अँड्र्यू गारफिल्ड, म्हणजे आधीच्या सिनेमांतला स्पायडर-मॅन, जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत सांगत होता की 'स्पायडर-मॅन: नो वे होम'मध्ये मी नाही. मी भोळा, विश्वास ठेवला. सेटवरची म्हणून त्याची एक अंधुक क्लिप फिरत होती. मित्राने ती थांबवून, मोठी करून दाखवली, तर मी मानेजवळच्या सावलीवर बोट ठेवून 'हे जोडकाम आहे' असं अर्धा तास समजावलं. डिसेंबरात पडद्यावर गारफिल्डने मुखवटा काढला, थिएटरात एकच कल्ला झाला, आणि आमचे मित्रवर्य पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. गारफिल्डवर राग नाही. गुपित राखणं हा त्याच्या कामाचाच भाग होता.

मंचावरून झालेली घोषणा त्यापेक्षा पक्की, पण तीही अर्धीच. जुलै २०२४मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियरने मुखवटा उतरवला आणि तो मार्व्हलचा खलनायक डॉक्टर डूम होणार हे जाहीर झालं. 'कोण' ते ठरलं. 'कधी' मात्र हललं: त्याचा सिनेमा 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' मे २०२६चा डिसेंबर २०२६वर गेला. म्हणून तारखा मी पेन्सिलने लिहितो.

मालिकांच्या तारखांचं तर विचारूच नका. 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन एप्रिल २०२२मध्ये संपला, दुसरा आला जानेवारी २०२५मध्ये. मध्ये २०२३चे दोन संप होते: अमेरिकी लेखकांचा २ मेपासून १४८ दिवस आणि कलाकारांचा १४ जुलैपासून ११८ दिवस. पण सगळं खापर संपावर फोडणं सोयीचं आहे. पूर्वी अमेरिकी वाहिन्यांवर वर्षाला वीस-बावीस भाग व्हायचे, सप्टेंबर आला की नवा सीझन हजर. आता आठ-दहा भाग, प्रत्येक जवळपास सिनेमासारखा चित्रित केलेला, त्यावर व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याचे, महिने. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे पाच सीझन व्हायला २०१६ ते २०२५ लागले. शाळकरी पोरांची गोष्ट, आणि शेवटी ती साकारणारी पोरं विशीत.

सगळ्यात जास्त मनावर घ्यायची बातमी ही: काहीतरी बंद झालं किंवा गाडलं गेलं. 'बॅटगर्ल' सिनेमाचं चित्रीकरण पूर्ण झालं होतं, खर्च सुमारे ९ कोटी डॉलर सांगितला जात होता, तरी ऑगस्ट २०२२मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने तो कुठेच दाखवायचा नाही असं ठरवलं. जवळपास तयार सिनेमाही तोटा म्हणून दाखवून करात सवलत मिळवता येते हे मला तेव्हा कळलं. 'कयोटी व्हर्सेस ॲक्मी'वरही तीच पाळी आली होती, पण ओरड झाली आणि २०२५मध्ये तो दुसऱ्या कंपनीने विकत घेतला.

पण नुसत्या ओरडीनेच काम होतं असं नाही. २०१८मध्ये फॉक्स वाहिनीने 'ब्रुकलिन नाईन-नाईन' ही मालिका बंद केली, दुसऱ्याच दिवशी एनबीसी या दुसऱ्या वाहिनीने उचलली. आम्ही चाहते अजून मिरवतो की हा आमचा विजय. पण मालिका बनवणारी युनिव्हर्सल टेलिव्हिजन ही एनबीसीच्याच घरातली. चाहत्यांचा गोंगाट तर होताच, पण हिशेबही सोयीचा होता. तेव्हापासून मालिका बंद झाल्याची बातमी आली की आधी बघतो, तिची मालकी कोणाकडे आहे.

सिनेमांच्या गल्ल्याचे आकडे मी वरवर वाचतो. त्यातला जवळपास निम्मा भाग थिएटरवाले ठेवतात, आणि जाहिरातीचा खर्च 'बजेट' म्हणून छापलेल्या आकड्यात बहुधा नसतो.

आता तुमच्या मालिकेचं. तुम्ही चिकटवलेली बातमी म्हणते, 'चौथ्या सीझनबाबत निर्माते सकारात्मक'. यात क्रियापदच नाही हो! चित्रीकरण सुरू झाल्याचं वाचलंत की मला कळवा, मीही पहिले तीन सीझन बघायला घेतो.