एक वर्षापासून क्लायंबिंग करतोय. बोटांच्या ताकदीसाठी कॅम्पस बोर्ड (आडव्या पट्ट्या लावलेला, फक्त हातांनी चढायचा फळा) सुरू करू का?

माझं मत: अजून नको. वय अठराच्या आत असेल तर अजिबात नको, कारण वाढत्या बोटांमधल्या ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या भागाला, इजा होऊ शकते.

जर्मन क्लायंबर वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या ‘कॅम्पस’ जिममध्ये हा बोर्ड लावला आणि १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ हा ९ए श्रेणीचा, त्या काळातला अत्यंत अवघड रूट (चढाईचा मार्ग) चढला. पण त्याची बोटं त्याआधीच वर्षानुवर्षं तयार झालेली होती, हे लोक विसरतात.

या बोर्डवर पाय हवेत असतात. त्यामुळे नुसती ताकद नाही, तर ती क्षणात लावण्याची क्षमता वाढते. नुसत्या ताकदीसाठी हँगबोर्डच (बोटांनी लटकून राहायची फळी) बरा, तिथे भार हळूहळू वाढवता येतो. कॅम्पसवर मात्र पट्टी पकडताना सगळा झटका बोटांवर येतो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण कंडरा आणि बोटांमधल्या पुली (कंडरांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे) तयार व्हायला कितीतरी महिने लागतात. दुखापती बहुतेक या फरकातूनच होतात.

दोनेक वर्षांच्या नियमित चढाईनंतर सुरू करा. आधी मोठ्या पट्ट्या, पाय टेकवून. पूर्ण वॉर्मअप झाल्यावर, पण थकण्याआधी. मोजक्याच फेऱ्या, प्रत्येकीनंतर तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून एक-दोनदाच. फुल क्रिम्प, म्हणजे बोटं पूर्ण वाकवून वरून अंगठ्याने दाबलेली पकड, टाळा, बोटं मोकळी किंवा अर्धी वाकलेली ठेवा. हालचाल ढिली पडली की त्या दिवसापुरतं थांबा. बोटाच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर बोर्डला हातच लावू नका.