वडिलांना चोवीस तास माणूस लागतो. खर्च कसा भागवायचा, मेडिक्लेम देईल का?

तुमचे वडील पक्षाघातानंतर कोपरखैरण्याला घरी अंथरुणावर आहेत, माणसं पुरवणाऱ्या ब्युरोवाल्याने सांगितलेला आकडा झेपत नाही आणि भाऊ म्हणतो, "मग मेडिक्लेम कशाला काढलाय?" आधी त्याचंच सांगते. मेडिक्लेम मुख्यतः अ‍ॅडमिट असेपर्यंतचा. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपुरत्या मिळतात, ती बिलं जपून ठेवा. पण घरची आया, मामा (पुरुष मदतनीस), डायपर यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डसुद्धा हॉस्पिटलातल्या उपचारांसाठीच आहे.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. २०२१ मध्ये आईची उजवी बाजू गेली, साडेतीन वर्षं तिचं घरीच केलं. त्यावरून तुम्हाला एकच कळकळीने सांगेन: वडिलांचे पैसे आधी वडिलांवर खर्च करा.

आमची आई एफडीला हात लावू देईना. "ते नातवंडांचं आहे." आम्हीही ऐकलं आणि आपापल्या पगारातून भरत राहिलो. सात महिन्यांत दादाने पीएफमधून पैसे काढले, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. एका रात्री डायपरच्या बिलावरून माझं आणि वहिनीचं कडाक्याचं भांडण झालं. आई आतल्या खोलीत जागी होती. सकाळी तिने उशीखालून कपाटाची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

किल्ली मिळाली, पैसे मात्र मिळेनात. एफडी तिच्या एकटीच्या नावावर आणि सही उजव्या हाताची. बँकेने फॉर्म परत पाठवला. खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायलाही बँकांना सांगितलेलं आहे. हे लेखी दिल्यावर साहेब घरी आले. आईचा डावा अंगठा मी धरून टेकवला, तर ठसा फिसकटला. तिने माझा हात बाजूला सारला आणि दुसरा ठसा स्वतः उमटवला, स्वच्छ.

म्हणून वडिलांना समजतंय तोवर खातं जॉइंट करून घ्या, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीने चालणारं), आणि नॉमिनी तपासा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता चोवीस तासांचं. आठवडाभर वहीत लिहून काढा, कोणत्या वेळी नेमकं काय करावं लागतं. आमच्याकडे अवजड काम सकाळी आठ ते रात्री आठ एवढंच निघालं. तेवढ्यासाठी ८०० रुपये रोजाची बाई ठेवली, रात्री कूस बदलायला आम्ही उठायचो. बेड आणि व्हीलचेअर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात.

दिव्यांग प्रमाणपत्र नक्की काढा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

भावाने हात वर केले तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. वडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतात, वकील लागत नाही, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. पण त्याआधी वडिलांसमोर बसून खर्चाची वही भावाला दाखवा. आमच्याकडे तेवढ्यानेच दादा-वहिनी पुन्हा माझ्याशी धड बोलायला लागले.

वडिलांना बोललेलं कळतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कळत असेल तर उद्याच बँकेला फोन लावा.