कुबरनेटिसमध्ये (अनेक मशिनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) स्क्रिप्ट एकदाच चालून थांबावी, यासाठी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की रात्रीचा रिपोर्ट बनवणारी स्क्रिप्ट नीट संपते, एरर कुठेच नाही, तरी पॉड (कुबरनेटिस कंटेनर ज्यात चालवतं ते एकक) पुन्हा पुन्हा सुरू होतो आणि शेवटी ‘क्रॅशलूप-बॅकऑफ’, म्हणजे ‘सारखं थांबतंय, म्हणून थोडं थांबून पुन्हा सुरू करतोय’ अशी स्थिती दिसते. स्क्रिप्टचा काही दोष नाही. ती डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या कामांसाठीच्या व्यवस्थेत टाकलीय, एवढीच गडबड. डिप्लॉयमेंटच्या लेखी कंटेनरने (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींचा बंदिस्त डबा) कधी थांबायचंच नसतं. शून्य एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे यशस्वी) देऊन तो शहाण्यासारखा बाहेर पडला, तरी त्याला परत उभं केलं जातं. तुम्हाला हवाय जॉब, म्हणजे काम संपेपर्यंतच चालणारी व्यवस्था.

जॉबमध्ये रीस्टार्ट पॉलिसी (कंटेनर थांबल्यावर त्याला पुन्हा सुरू करायचं का, हा नियम) ‘नेव्हर’ किंवा ‘ऑन-फेल्युअर’ एवढीच चालते. मी ‘नेव्हर’च लावतो. ‘ऑन-फेल्युअर’मध्ये त्याच पॉडमध्ये कंटेनर पुन्हा सुरू होतो, आणि प्रयत्न संपले की पॉडच काढून टाकला जातो. सकाळी लॉग बघायला जावं, तर काहीच शिल्लक नाही. ‘नेव्हर’मध्ये प्रत्येक प्रयत्नाला नवा पॉड मिळतो आणि पडलेले पॉड तपासायला मागे राहतात.

काम पडल्यावर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा ते बॅकऑफ लिमिट ठरवतं. काही लिहिलं नाही तर 6. दोन प्रयत्नांमधलं अंतर 10, 20, 40 सेकंद असं दुप्पट होत जास्तीत जास्त 6 मिनिटांपर्यंत जातं. पण हे झालं पडणाऱ्या स्क्रिप्टचं. डेटाबेसची वाट बघत अडकून बसलेली स्क्रिप्ट पडतच नाही, ती नुसती चालू दिसते. म्हणून ‘अ‍ॅक्टिव्ह डेडलाइन सेकंड्स’, म्हणजे पूर्ण जॉबची सेकंदांतली मुदत लिहाच. ती मुदत संपली की प्रयत्न उरलेले असोत वा नसोत, जॉब थांबवला जातो.

आता खरी मेख. काम झालं की नाही, हे कुबरनेटिसला फक्त एक्झिट कोडवरून कळतं. शेलमध्ये रिपोर्टचं आउटपुट पाइपने ‘टी’ कमांडला (आउटपुट स्क्रीनवर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी) दिलं असेल, तर रिपोर्ट कोसळला तरी कोड ‘टी’चा धरला जातो, म्हणजे शून्य. जॉब ‘कम्प्लीट’, रिपोर्ट रिकामा! शेल बॅश असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर तिचा कोड धरला जातो.

आणि ‘एकदाच’ या शब्दावर फार विसंबू नका. एकच पॉड मागितला, पॉलिसी ‘नेव्हर’ ठेवली, तरी क्वचित तोच प्रोग्राम दोनदा सुरू होऊ शकतो, असं कुबरनेटिसच्या दस्तऐवजातच लिहिलंय. तेव्हा ग्राहकांना मेल पाठवण्याआधी त्या तारखेचा मेल गेलाय का, ते स्क्रिप्टनेच तपासावं.

रोज चालवायचं तर क्रॉनजॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी जॉब सुरू करणारी व्यवस्था. त्यात टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहा, नाहीतर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालणाऱ्या क्लस्टरमध्ये (कुबरनेटिसच्या मशिनचा गट) रात्री 2 चा रिपोर्ट आपल्याकडे सकाळी साडेसातला निघेल. आदल्या रात्रीचं काम रेंगाळलं असताना नवं सुरू व्हायला नको असेल, तर कन्करन्सी पॉलिसी (एकाच वेळी दोन जॉब चालू द्यायचे का, हा नियम) ‘फॉरबिड’ ठेवा. मुळात ती ‘अलाउ’ असते.